पूर्वेचं दार

गावची चिंच रोपटं होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या मुळाशी मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. तिथे पांढऱ्या बुरशीची साथ आली. मुंग्या भेटल्या की मिशीला मिशी लावतात, त्यातूनच ती पसरली. म्हणून सगळी दारं मातीने लिंपून टाकली.

महिना गेला. दाणे संपत आले. पूर्वेकडची साळू मुंगी सभेत उठली. "साथ पश्चिमेला. आमच्याकडे एक आजारी नाही. मग माझी पोरं उपाशी का?"

"आणि आमची काय जेवून बसलीत?" पश्चिमेकडची एक ओरडली.

बरंच भांडून ठरलं, की फक्त पूर्वेचं दार उघडायचं, आणि धोंडबा डोंगळ्याने प्रत्येकीला तपासून सोडायचं.

सकाळी साळू पहिली बाहेर पडली. मागून पश्चिमेकडच्याही रांगेत आल्या. आतून वाट एकच होती ना.

संध्याकाळी साळू दाणा घेऊन परतली.

"थांब बाई, तपासू दे," धोंडबा म्हणाला.

"मामा, आज आजारी किती सापडल्या?"

"सात. एकीलाही बाहेर सोडलं नाही."

"ओळखल्या कशा?"

"कशा म्हणजे? मिशीला मिशी लावून. आपल्याला दुसरं काय येतं?"

साळूने त्याच्या मिशीकडे पाहिलं. ती पांढरी झाली होती. दाणा दाराशी ठेवून ती मागे सरली. आतून पोरं हाका मारत होती.

सभा पुन्हा बसली. ठरलं, की दारावर नवा डोंगळा नेमावा, आणि त्याने सर्वांत आधी धोंडबाला नीट तपासावं.