अस्वलराजांचा इंद्रियनिग्रह सप्ताह

सातपळशीच्या रानात अस्वलाचं राज्य होतं. अस्वल प्रजेनंच निवडून दिलेलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाची करायची हा प्रश्नच होता.

पावसाळ्याची बेगमी म्हणून सगळ्या जनावरांनी मोहाची फुलं वेचून सरकारी कोठारात भरली होती. पण ज्येष्ठ लागायच्या आतच कोठाराचा वास येईनासा झाला, आणि राजाच्या गुहेतून मात्र घमघमाट सुटला. भागूबाई साळिंदरीण दोन पिल्लांची आई. ती सरळ दरबारात गेली.

"महाराज, आमची फुलं कुठं गेली?"

"बाई, दोष तुमच्या नाकाचा आहे," अस्वल म्हणालं. "प्रजेची इंद्रियं मोकाट सुटलीत. योग शिकवला पाहिजे."

लगेच फर्मान निघालं. तळ्यातल्या कासवगुरुजींना बोलावणं गेलं. हातपाय आत ओढून बसणारं रानात तेवढंच एक. सगळी प्रजा अशी आत गेली की बाहेर बघायला कोण उरतंय, असा राजाचा हिशेब.

पण गुरुजी भाबडे. त्यांनी खरंच शिकवलं.

"इंद्रियं मिटायची नसतात, आवरायची असतात," ते म्हणाले. "जीभ लवलवली की तिला विचारायचं, मालक कोण? तू की मी?"

पाच दिवसांत डोळे, कान, नाक, जीभ, कातडी अशी पाचही वठणीवर आली. सोनबा ससा तर कोवळ्या गवतासमोर घटकाभर बसून नुसता हसायला शिकला.

"आता सहावं, मन," गुरुजी म्हणाले. "ते महाद्वाड. त्याला वेळ लागेल."

"वेळ नाही," अस्वल म्हणालं. "निवडणूक आली. समारोप करा."

राजाचा फोटो असलेली प्रमाणपत्रं वाटली गेली.

मतदानाला निघालेल्या प्रत्येकाच्या जिभेवर राजानं मधाचं बोट ठेवायचं, ही रानाची जुनी लोकशाही परंपरा. यंदा कुणी जीभच बाहेर काढली नाही. सोनबा मधाच्या पोळ्यासमोरून ताठ मानेनं निघून गेला. भागूबाईचं नाक आता असं स्थिर झालं होतं, की मधाच्या वासापलीकडचंही तिला कळलं.

"कोठारात धूळ आहे," ती म्हणाली. "नुसती धूळ."

सगळ्यांनी हुंगलं. धूळच होती. रानात कुजबुज सुरू झाली.

अस्वल टुणकन ओंडक्यावर चढलं आणि ओरडलं, "बंधू-भगिनींनो! नदीपलीकडचे कोल्हे तुमचं कोठार लुटायला निघालेत!"

नदीपलीकडे एक कोल्हा पाणी पीत होता. तेवढं पुरलं.

"अरे, हेच ते मन..." असं गुरुजी म्हणेपर्यंत मैदान रिकामं झालं. सगळ्यांनी धावत जाऊन अस्वलाला मत दिलं आणि तसंच पुढे जाऊन कोठाराला वेढा घातला. सोनबा दारात काठी घेऊन उभा राहिला.

भागूबाई पिल्लांना घेऊन त्याच्यापाशी आली. "सोनबाभावजी, तुम्हीच हुंगलंत ना? मग आत राखताय काय?"

सोनबानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला, वहिनी. आत काय आहे असं फक्त पलीकडचे विचारतात."