सुनावणी शाळेत हलली

सकाळी सव्वादहाला हे सुरू झालं. लहान रेडिओ केंद्रं बंद करून वादळाचे इशारे फक्त मोबाइलवर द्यायचे, असं सरकारचं नवं धोरण येत होतं. त्याची सुनावणी घ्यायला मोठे साहेब आमच्या बंदरावर आले. माझे मालक होडीवर असतात, जीव सारखा खालीवर होतो. म्हणून तान्ह्याला काखेत घेऊन मीही गेले.

साहेब हसून म्हणाले, "हल्ली रेडिओ ऐकतं कोण?"

आमच्या बंदरावरचं रेडिओ केंद्र चालवणाऱ्या हेमांगीताई चोगले उठल्या. "साहेब, पंचायतीचे पत्रे उडाले म्हणून आज सुनावणी शाळेत हलवलीत. लोकांना कसं कळवलंत?"

"सर्वांना मोबाइलवर मेसेज केला."

"कुणाला मिळाला? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मागून होडी हाकणारे धर्मातांडेल म्हणाले, "कालच्या वाऱ्यानं टॉवर बंद आहे गो बाय. तू रेडिओवर सांगितलंस, म्हणून आलो."

हेमांगीताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मेसेजला शाळा सापडली नाही. वादळात होडी कशी सापडेल?"

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "केंद्र चालू ठेवावं, असं माझं मत लिहा."

पुढची सुनावणी पलीकडच्या बंदरात आहे. तिथं कुणी ओळखीचं असेल तर हे सांगा. मेसेज नको, जाऊनच सांगा.