मासळ्यांचं माहेर

दिवा राहू दे म्हणता? बरं, राहू दे. पण गोष्ट संपली की मी सांगेन तसं करायचं. ठकू, पाय पांघरुणात घे. ऐका आता.

एक होती नदी, आणि तिच्या काठी होता एक राजा. राजा वाईट नव्हता हो, फक्त त्याला घाई फार. नदीच्या वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला भोयांचं गाव. भोई म्हणजे मासे धरणारे, आणि वेळ पडली तर पालखी वाहणारे. त्या गावात गोजराबाई नावाची भोईण राहायची. आवाज असा, की अलीकडून हाक मारली तर पलीकडची म्हैस मान वळवायची.

त्या नदीत होती खडशी मासळी. हातभर लांब, अंगावर मोठाले सोनेरी खवले. नदी फुगली की या मासळ्या पोटात अंडी घेऊन उलट्या निघायच्या, वर डोंगरातल्या झऱ्यांकडे. गोजराबाई म्हणायची, "पोरी बाळंतपणाला माहेरी चालल्या." मग महिनाभर गावात कुणी जाळं टाकायचं नाही. उलट बायका काठावर जाऊन पाण्यात मूठमूठ तांदूळ सोडायच्या. ओटी भरतात ना, तसे. पुढे पिल्लं खाली यायची, मोठी व्हायची आणि गावाला वर्षभर पुरायची.

एकदा काय झालं, एका कारागिरानं राजाला जादूचं चाक आणून दिलं. चाकावर वरून पाणी पडलं की ते फिरायचं, आणि ते फिरलं की घरोघरी दिवे लागायचे. तेल नको, वात नको! राजा हरखला. त्यानं नदीला आडवी भिंत घातली, सात ताड उंच. पाणी तुंबलं, चाक फिरलं, दिवे लागले. गोजराबाईच्या झोपडीतसुद्धा लागला. खोटं कशाला बोला, तिलाही आवडला.

मग नदी फुगली. मासळ्या निघाल्या, आणि भिंतीवर जाऊन आपटल्या.

त्या वर्षी पिल्लं कमी झाली. गोजराबाई राजाकडे गेली. राजानं तिला तांदळाचं पोतं दिलं. दुसऱ्या वर्षी जाळ्यात नुसता पाला आला. ती पुन्हा गेली. राजानं तिला आणखी एक दिवा दिला. तिसऱ्या वर्षी मात्र गोजराबाई चांगलीच तापली. "महाराज, दिवा लखलखतोय, पण त्याच्या उजेडात चुलीवर ठेवू काय? मासळ्यांना वाट द्या. त्या हातभर उडी मारतात, मग दम खायला जागा लागते. एवढं करा, मला दुसरं काही नको." राजा म्हणाला, "बघू." मोठी माणसं बघू म्हणाली की काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. तेच झालं.

मग गावानं बोचकी बांधली. दुसऱ्या दिवशी गाव सोडायचं ठरलं. गोजराबाई उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली, बरं का. सगळा जन्म त्या काठावर गेला होता तिचा.

आणि नेमकी गाव सोडायच्या दिवशीच राणी माहेरी निघाली. राणी नवी, मागच्याच साली लग्न होऊन आलेली. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. माहेर नदीच्या वर, डोंगरात. गाडीचे हिसके बसायला नकोत म्हणून ती नावेतून निघाली. राजा काठाकाठानं घोड्यावरून पोचवायला. नाव आली, आली, आणि भिंतीपाशी थांबली. घाईगडबडीत भिंतीचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! ज्यानं बांधली त्याच्यासुद्धा नाही.

राजानं भोयांना बोलावलं. बोचकी खाली ठेवून भोई आले. कितीही राग असला तरी माहेरवाशिणीला वाटेत अडवायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांनी पालखी खांद्यावर घेतली, तेवढ्यात राणीनं खाली पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी मासळ्या उड्या मारत होत्या. उडी मारायची, दगडावर आपटायचं, पाण्यात पडायचं. पुन्हा उडी.

"यांना काय झालंय?" राणीनं विचारलं.

"पोटुशा आहेत, राणीसाहेब," गोजराबाई म्हणाली. "माहेरी जायचंय. तुमच्यासारखंच."

राणीनं आपल्या पोटावर हात ठेवला. तिला रडूच आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पालखी खाली ठेवा. आधी या जातील, मग मी."

राजानं समजावलं. राणी हलेना. राजा रागावला. राणी हलेना. राजानं हात जोडले, तरी राणी हलेना. ती सरळ गोजराबाईच्या झोपडीत जाऊन बसली आणि भाकरी-चटणी मागून खाल्ली.

मग काय! राजानं शंभर गवंडी लावले. गोजराबाई कमरेवर हात ठेवून सांगायची आणि ते बांधायचे. भिंतीच्या कडेनं पाण्याच्या पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरी हातभर उंच, आणि प्रत्येक पायरीवर दम खायला एक छोटा हौद. पिल्लं उतरताना चाकात सापडू नयेत म्हणून भोयांनी आपली बारीक जाळी चाकाच्या तोंडाशी बांधली. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवरून पाणी सोडलं. पहिली मासळी उडाली. थांबली. पुन्हा उडाली. राजासुद्धा श्वास रोखून बघत होता. ती वर पोचली तेव्हा गोजराबाईनं अशी आरोळी ठोकली, की पलीकडची म्हैस दावं तोडून पळाली.

शेवटची मासळी गेली, मग राणीची पालखी गेली. बायकांनी राणीची ओटी पदरात भरली, मासळ्यांची पाण्यात. पुढे डोंगरात राणीला मुलगी झाली. नदीत पिल्लांचे थवेच्या थवे उतरले. गावानं बोचकी सोडली आणि जाळी पुन्हा वाळत घातली.

पण एक अडचण राहिली. पायऱ्यांना पाणी सोडलं की चाकाला कमी पडायचं आणि दिवे मंद व्हायचे. राजा म्हणाला, "होऊ देत. हा एक महिना सगळ्यांनी दिवे लवकर मालवायचे आणि निजायचं. मासळ्यांना जाऊ द्यायचं." राजवाड्यातला दिवासुद्धा, बरं का! राणीची मुलगी तर आजोळच्या गमती आठवत सगळ्यांच्या आधी डोळे मिटायची. अशी ती सगळी सुखात राहिली, काठावरची आणि पाण्यातलीही.

नदीचा आवाज येतोय ना? भरलीय ती. ठकू, हात लांब कर आणि दिवा मालव बघू. मासळ्या निघाल्यात.