रांगोबाने लावलेली रांग

एके काळी पंचांग सांगणाऱ्या एका संगणकात रांगोबा नावाचं अवजार होतं. गणित करणाऱ्या मदतनिसांची यादी अकारविल्हे लावायची, हाच त्याचा नेम. एका संकष्टीला याच नेमाने त्याने चंद्र नावाच्या मदतनिसाला सूर्य नावाच्या मदतनिसाच्या पुढे बसवलं. पण सूर्याचं गणित हाती आल्याशिवाय चंद्राचं पुढे सरकेना, आणि चंद्रोदयाची वेळच दिसेना! दिवसभर उपाशी बायका ताटं झाकून बसल्या.

“रांग सुरेख हो तुझी,” चंद्र म्हणाला, “मोदक मात्र निवले!”

रांगोबाची मान वर होईना. “सूर्यकाका, चुकलो. तुमच्यावर कोण विसंबून आहे, हे मी विचारलंच नाही.”

“मग आता विचार की, बाळा.”

त्याने विचारलं, काकांना पुढे बसवलं. वेळ उमटली, ताटांवरची झाकणं निघाली. रांगोबा मात्र अजूनही कुणाला हलवण्याआधी हात जोडतो.