शून्याचे वॉर्ड

नांदखेड नगरपालिकेचे आरोग्यप्रमुख डॉक्टर पिंगळे भर बैठकीत गरजले, "बाकी नऊ वॉर्डांत डेंग्यूचे रुग्ण शून्य आणि सिस्टर कौसर, तुमच्या एकट्या वॉर्डात एकतीस? शहराचं नाव घालवलंत! उद्यापासून तुमची बदली. कुठला वॉर्ड हवा, बोला."

कौसर तांबोळी शांतपणे उठली. "शून्यवाला कुठलाही द्या, सर. पण आधीच सांगते, आठ दिवसांत तिथेही तीस निघतील आणि माझ्या जुन्या वॉर्डात शून्य होईल."

"म्हणजे ताप तुमच्या मागे फिरतो की काय?" डॉक्टर हसले. आम्ही बाकीच्या नर्साही हसलो.

"नाही सर. मी दारोदार फिरते, म्हणून ताप सापडतो. जिथे कुणी फिरकलंच नाही, तिथे शून्य आहे."

हसू विरलं. मी आठवडाभर एकही दार न ठोठावता शून्य लिहिलं होतं. माझी मान वर होईना.

डॉक्टरांनी मात्र आम्हाला एका शब्दानं दटावलं नाही. वर पाठवायला आधीच तयार करून ठेवलेलं 'डेंग्यूमुक्त शहर' असं लिहिलेलं पत्र त्यांनी टेबलावर पालथं घातलं.

"या शून्यांवर न बघता सही मीच केली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बसा सिस्टर. उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर येतो. दार कसं ठोठावायचं, तेवढं दाखवा."