कापशी आणि लाल दोरा

ससे माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. सगुणाबाई ससे पाळत आणि दरवर्षी त्यांतल्या एकाच सशिणीला निवडून लाल दोरा बांधत. पुढची पिल्लं फक्त तिचीच वाढवायची.

यंदा दोरा आपलाच, अशी लांब केसांच्या कापशीला खात्री होती. बाई रोज तिचे केस विंचरत, डोळे पुसत, औषध पाजत. पण दोरा मिळाला आखूड केसांच्या भुरी सशिणीला!

कापशी चक्रावली. “बाई, तिला तर तुम्ही वर्षभरात हातही लावला नाहीत!”

“लावावाच लागला नाही गं. कडक ऊन झालं, साथ येऊन गेली, ती आपली चरत राहिली.”

“मग माझ्यावर माया नाही?”

“आहे ना. म्हणून तर तुझे हाल तुझ्या पिल्लांच्या वाट्याला नकोत.”

‘हाल? कसले हाल?’ कापशीला काही उमजेना. ती शिंकली आणि डोळे पुसून घ्यायला तिने सवयीने तोंड पुढे केलं.