सोनकीने उघडा ठेवलेला सांधा

डोंगरांच्या पायथ्याशी एक राज्य होतं. नाव विचारू नका, मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी तुम्ही काय तिथे चालत जाणार आहात? तर त्या राज्यात राणीसाहेबांची बाग होती. बागेत केशरी अबोली, निळी गोकर्ण, पांढराशुभ्र कुंद, आणि मधोमध एक दगडी मंडप. मंडपाला भिंती नव्हत्या. नक्षीचे खांब होते आणि खाली फरशी होती. पण फरशी कशी, अगं बाई! एक दगड दुधासारखा पांढरा, त्याच्या शेजारचा हळदीसारखा पिवळा, पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा. ऊन पडलं की सगळा मंडप सोनेरी होऊन जायचा.

त्या राज्यातलं प्रत्येक बाळ जमिनीवर पहिल्यांदा उभं राहायचं ते याच फरशीवर. झोपडीतलं असो की महालातलं. आई बाळाचे इवले इवले पाय धुवायची, त्याला अनवाणी उभं करायची आणि म्हणायची, "भुई गं भुई, हे माझं लेकरू. याला सांभाळ." याला म्हणायचे भुईभेट.

ही फरशी भिवा राखायचा. झाडायचा, धुवायचा, घोटायचा. दोन दगडांमधल्या फटीला सांधा म्हणतात. तो सांधा चुन्याने भरायचा. पण चुना म्हणजे चुना. तो काय माणूस ओळखतो? वर्षानुवर्षं चुन्यात हात घालून भिवाची बोटं उलून गेली होती. त्यांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. हाताला गरम कळेना, गार कळेना.

भिवाला एकच लेक, सोनकी. आई ती रांगत होती तेव्हाच गेली. बागेच्या मागच्या झोपडीत बापलेक राहायचे. कधी भाकरीबरोबर कालवण असायचं, कधी नुसतं मीठ. त्याचं सोनकीला काही वाटायचं नाही. तिला वाईट वाटायचं एकाच गोष्टीचं. सगळ्या मुलींच्या वेण्या कुणीतरी घालायचं. तिच्या बाबाला मात्र तिचे केससुद्धा हातात धरता यायचे नाहीत. ती बिचारी आपले केस आपणच सुतळीने बांधायची.

आदल्या वर्षी राणीसाहेबांना मुलगी झाली होती. चैत्राच्या पुनवेला तिची भुईभेट ठरली. आणि नेमका भिवा तापाने अंथरुणाला खिळला. फरशी काळवंडली. सांधे फुटले. त्यातून हिरवं शेवाळ डोकावू लागलं.

कारभारी राघोपंत आले, उपरण्याने नाक झाकून उभे राहिले. "भिवा, पुनवेला फरशी लख्ख दिसली पाहिजे. एक खोट दिसली तरी झोपडी रिकामी करायची. पोरीला घेऊन वेशीबाहेर जायचं."

"बरं, पंत," भिवा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आजारी माणूस कुठे जाईल लेकराला घेऊन?

सोनकी म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा. मी करते." तिला वाटलं, त्यात काय एवढं? काळी पडलेली तांब्याची घागर चिंचेने कशी झगमगते! तिने चिंचेचा मोठा गोळा भिजवला, त्यात राख घातली आणि मंडपाचा एक अख्खा कोपरा घासघासून काढला. ओला होता तोवर काय चमकत होता! सोनकी टाळ्या पिटत नाचली. पण पाणी सुकलं मात्र, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दगडाची साय निघून गेल्यासारखी झाली होती. जिथे जिथे चिंच लागली तिथे तिथे दगड खरखरीत, निस्तेज. करायला गेली गणपती, झाला मारुती.

सोनकी तिथेच बसली आणि रडू लागली. हमसून हमसून रडली. एक थेंब फुटक्या सांध्यात पडला, टिप्! आणि आतून बारीकसा आवाज आला, "अगं, हे पाणी खारट आहे. कोण रडतंय?"

सांध्यातून एक चिमुकलं डोकं वर आलं. मग दोन नाजूकसे हात. बोटभर उंचीची परी होती ती! केसांत दवाचे मणी लुकलुकत होते. डोळे मोरपंखी. कमरेपर्यंत ती वर आली आणि तिथेच अडली.

"मी पाझरपरी," ती म्हणाली. "पंख फार भिजलेत माझे, म्हणून याहून वर येता येत नाही. तू का रडतेस?"

सोनकीने सगळं सांगितलं. चिंच, फरशी, राघोपंत, बाबांचे हात. काही लपवलं नाही.

परीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण नीट ऐक हं. ती स्वतःसाठी मागायची नाही. ती कुणाला सांगायची नाही. आणि या फरशीचा शेवटचा सांधा तू तुझ्या हाताने बंद करशील, त्याच क्षणी ती पुरी होईल. त्याआधी नाही."

सोनकीला विचार करावा लागला नाही. "माझ्या बाबांचे हात बरे होऊ देत."

"झोपडी नको? फरशी नको?"

"फरशी मी करीन. हात मला करता येत नाहीत."

परी हसली. त्या हसण्याने सांध्यात मंदसा निळा उजेड पडला. "आणि तुला काय हवं?" सोनकीने विचारलं. "आम्हांला स्वतःसाठी मागता येत नाही गं," असं म्हणून परी हळूच खाली गेली.

सोनकी घरी आली आणि चिंचेचं सगळं बाबांना सांगितलं. भिवाने डोळे मिटले. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. पण तो म्हणाला, "पोरी, तांब्याला चिंच, दगडाला पाणी. आंबट लागलं की हा दगड जळतो. चुकलीस, पण लपवलं नाहीस. आता मी सांगतो तसं कर."

मग भिवा खाटेवरून सांगायचा आणि सोनकी करायची. नुसतं पाणी आणि काथ्याचा मऊ कुंचा. साचलेला मळ हळूहळू सुटू लागला. सांध्यांमधलं शेवाळ आणि भुगा झालेला चुना तिने बांबूच्या काडीने कोरून काढला. लोखंड लावलं नाही, दगडाच्या कडा दुखावतात म्हणून. एका सांध्यात मुंग्या निघाल्या, तोंडात पांढरी अंडी धरलेल्या. त्यांचं बिऱ्हाड हलेपर्यंत सोनकी बाजूला बसून राहिली. जळलेला कोपरा तिने बारीक दगडाने पाणी घालून घोटला. पुन्हा घोटला. हातांना फोड आले. आणि एका सकाळी त्या खरखरीत कोपऱ्यात तिला स्वतःचं तोंड अंधूकसं दिसलं. तिने आनंदाने दगडाला गालच लावला.

"आता सांधे भरू, बाबा?"

"आधी वाटी घाल," भिवा म्हणाला. "पितळेची वाटी सांध्यावर रात्रभर पालथी घालायची. सकाळी आतून कोरडी निघाली तर भर. आत दव धरलं असेल तर खाली ओल आहे. मग थांबायचं. ओल आत कोंडायची नाही, सोनके. घाईने भरलेली फरशी चार दिवस हसते आणि मग जन्मभर रडते. दगडांवर पांढरं मीठ फुलून येतं, ते काय असतं मग?"

एकेक सांधा कोरडा निघत गेला. सोनकी चाळलेला चुना लाकडी पट्टीने भरत गेली. हाताला कापड बांधायला भिवाने बजावलं होतं. भरलेले सांधे वाळून घट्ट झाले की ती त्यावर आणि दगडांवर जवसाचं तेल आणि मेण चोळायची, म्हणजे पुढे तेल सांडो की कुंकू, डाग आत शिरत नाही. पांढरा दगड मोत्यासारखा दिसू लागला, पिवळा मधासारखा.

शेवटी कोरून भरायचा एकच सांधा उरला. परीचा.

पुनवेच्या आदल्या सकाळी सोनकीने त्यावरची वाटी उचलली. वाटीच्या आत थेंबच थेंब होते. तिने एक थेंब जिभेवर घेतला. खारट! "परी! तू रडतेस?"

परी वर आली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. "फार वर्षांपूर्वी मी इथल्या झऱ्याबरोबर वर आले होते," ती म्हणाली. "तेवढ्यात माणसांनी घाईघाईने फरशी घातली आणि ओले सांधे भरून टाकले. पंख वाळायला वारा लागतो, ऊन लागतं. सांधा कधी उघडा राहिलाच नाही."

"म्हणजे मी हा भरला तर..."

"तर तुझ्या बाबांचे हात बरे होतील. मी शब्द दिलाय." परीने डोळे पुसले. "मला सवय आहे अंधाराची. तू भर."

सोनकी चुन्याचं घमेलं पुढ्यात घेऊन बसली. हातात पट्टी घेतली, खाली ठेवली. पुन्हा घेतली. तिला बाबांच्या चिंध्या दिसत होत्या. फार फार वाईट वाटत होतं हो तिला. कुणाला विचारावं, तर सांगायचीही बंदी. ती धावत घरी गेली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, सगळे सांधे झाले. एक ओला आहे. उद्या पूनव आहे. भरू?"

भिवाने तिच्याकडे पाहिलं. राघोपंत काय करतील ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "ओला आहे ना? मग नाही भरायचा. मला कुणी शंभरदा विचारलं तरी मी हेच सांगणार."

सोनकी बाबांच्या गळ्यात पडून खूप रडली. का रडते ते त्याला कळेना. मग ती मंडपात परत आली आणि चुन्याचं घमेलं उचलून घेऊन गेली. शेवटचा सांधा उघडा राहिला. दिवसभर त्यात ऊन उतरत होतं आणि वारा जात होता.

पुनवेची सकाळ झाली. सनई वाजू लागली. अंजिरी शालू नेसलेल्या राणीसाहेब आल्या, कडेवर गुबगुबीत राजकन्या. सगळं गाव लोटलं. भिवाही काठी टेकत येऊन उभा राहिला. फरशी अशी झळकत होती की लोकांना पाऊल टाकवेना.

राघोपंत मात्र वाकून वाकून बघत होते. "हे काय? हा सांधा उघडा! सांगितलं होतं ना, एकही खोट चालणार नाही? कामचुकार कुठली!"

सोनकी पुढे आली. "पंत, मी चुकून नाही ठेवला. खाली ओल आहे. ती आत कोंडायची नाही."

"ऐका! एवढीशी पोर मला शिकवते!"

"थांबा, पंत," राणीसाहेब म्हणाल्या. "भिवा, हिने सांगितलं ते खरं?"

"खरं आहे, राणीसाहेब. आम्ही वेशीबाहेर जाऊ. पण सांधा तिने ठेवला तोच बरोबर आहे."

मोठ्या माणसांचं हे असं चाललं होतं आणि राजकन्या कडेवर राहायला तयार नव्हती. ती सुळकन खाली उतरली. पैंजण छुमछुमले. रांगत रांगत ती नेमकी त्या कोपऱ्यात गेली, उघड्या सांध्याशी आपल्या आपण उभी राहिली आणि बोट दाखवून खुदकन हसली.

सांध्यातून निळा उजेड येत होता. मग रुपेरी, मग गुलाबी. आणि त्या उजेडातून पाझरपरी वर आली. डोकं, हात, कंबर, आणि मग पंख! कोरडे, झुळझुळीत, उन्हात सप्तरंगी चमकणारे पंख. सनईवाल्याची सनई थांबली.

परी सोनकीच्या समोर येऊन तरंगली. "तू सांधा बंद केला नाहीस," ती म्हणाली. "म्हणून तुझी इच्छा मला पुरी करता येत नाही. नेम म्हणजे नेम."

"ठाऊक आहे मला," सोनकी म्हणाली. ओठ घट्ट दाबले होते तिने.

"पण आता मी मोकळी आहे. मोकळ्या परीला न मागितलेलंही देता येतं."

तिने पंख झटकले. लख्ख उजेड झाला, इतका की सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. सांध्यातून मात्र बारीकसा झरा झुळुझुळु वाहत होता, फरशीच्या कडेकडेने थेट भिवाच्या पायांपर्यंत. भिवा खाली बसला. त्याने चिंध्या सोडल्या आणि हात त्या पाण्यात बुडवले.

मग त्याने तळवा दगडावर टेकवला. कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. "गार आहे गं," तो म्हणाला. "सोनके, गार लागतंय मला."

राणीसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. झोपडी भिवाचीच राहिली, आणि राणीसाहेबांनी ती नवी, कौलारू बांधून दिली. राघोपंतांना दर सकाळी त्या झऱ्याची वाट झाडून काढायचं काम मिळालं. बरं झालं की नाही?

तेव्हापासून त्या राज्यात फरशी घालणारा कुणीही एका कोपऱ्यात एक सांधा उघडा ठेवतो. का, ते तुम्हांला आता ठाऊक आहे.

आणि त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं, ते सांगू? भिवाने सोनकीला पुढ्यात बसवलं आणि तिच्या केसांतली सुतळी सोडली. त्याला वेणी घालता कुठे येत होती? एक पेड जाड, एक बारीक, शेंडा कानाकडे गेलेला. पण सोनकीने ती वेणी दोन दिवस सोडू दिली नाही.